एक मागणी, दोन गोदामे

ऑनलाइन दुकानात नोंदविलेली मागणी ग्राहकाच्या दृष्टीने एकच व्यवहार असतो. विक्रेत्याच्या बाजूने मात्र तसे असेलच असे नाही. नागपूरच्या ग्राहकाने मिक्सर आणि प्रेशर कुकर एकत्र मागविले आणि मिक्सर भिवंडीच्या, तर कुकर हैदराबादच्या गोदामात असला, तर त्या मागणीचे दोन भाग पडतात. खोकी दोन, बीजके दोन आणि वाहतूक खर्चही दोनदा.

ही विभागणी आता बहुधा संगणकच करतो. दुकानाची प्रणाली प्रत्येक गोदामाच्या साठा-नोंदीकडे 'एपीआय'मार्फत विचारणा करते. दोन संगणक प्रणालींनी परस्परांना ठरावीक स्वरूपात प्रश्न विचारण्याची व उत्तर देण्याची व्यवस्था म्हणजे एपीआय. साठा उपलब्ध असल्यास तेवढे नग त्या मागणीच्या नावे राखून ठेवले जातात. अन्यथा शेवटचा नग एकाच वेळी दोघांना विकला जाण्याचा धोका असतो. एका गोदामाने होकार व दुसऱ्याने नकार दिल्यास काय करायचे, हेही आधीच ठरवावे लागते. जवळचे गोदाम निवडावे हा निकष सोपा दिसतो. प्रत्यक्षात सर्व वस्तू एकत्र मिळणारे दूरचे गोदाम पुष्कळदा स्वस्त पडते, कारण एक खोके वाचते.

करआकारणी येथेच गुंतते. वर सांगितलेल्या मागणीत भिवंडीहून येणारा मिक्सर हा राज्यांतर्गत पुरवठा ठरून त्यावर केंद्रीय व राज्य वस्तू व सेवा कर लागतो. हैदराबादहून येणाऱ्या कुकरवर एकात्मिक कर लागतो. एका वस्तूवरील कराचा एकूण दर दोन्ही मार्गांत सारखाच असतो आणि हा कर उपभोगाच्या ठिकाणाशी निगडित असल्याने राज्याचा वाटा दोन्ही वेळा महाराष्ट्रालाच मिळतो. परीक्षार्थींनी हा भेद नीट लक्षात घ्यावा : कराचा प्रकार गोदामावरून बदलतो, वाटा मिळणारे राज्य बदलत नाही.

१ जुलै २०१७ पूर्वी केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत गोदामे ठेवीत. नव्या कररचनेने ते कारण संपविले. आता गोदामाची जागा प्रामुख्याने अंतर आणि ग्राहकसंख्या पाहून ठरते. निदान मोठ्या विक्रेत्यांपुरते तरी हे खरे आहे.

लहान विक्रेत्याचे गणित वेगळे आहे. दुसऱ्या राज्यात साठा ठेवून तेथून विक्री करायची, तर त्या राज्यात स्वतंत्र नोंदणी लागते. कायद्याच्या दृष्टीने त्याच्या दोन नोंदण्या म्हणजे दोन भिन्न व्यक्ती. त्यामुळे स्वतःचाच माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील आपल्या गोदामात हलविणे हाही करपात्र पुरवठा ठरतो. भरलेल्या कराची वजावट पुढे मिळते, परंतु माल विकला जाईपर्यंत भांडवल अडकून राहते. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल-मर्यादेखालील विक्रेत्यांना नोंदणीशिवाय ई-वाणिज्य मंचावर वस्तू विकता येतात, पण एकाच राज्यात आणि राज्याबाहेर पुरवठा न करता. परिणामी मागणी विभागण्याची सोय तांत्रिकदृष्ट्या सर्वांना खुली असली, तरी तिचा लाभ मुख्यतः अनेक राज्यांत नोंदणी परवडणाऱ्यांनाच होतो.

ही अडचण वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत मान्य केली. ई-वाणिज्य मंचांद्वारे अनेक राज्यांत विक्री करणाऱ्या लहान पुरवठादारांना प्रत्येक राज्यात व्यवसायाचे मुख्य ठिकाण राखणे कठीण जाते, हे नमूद करून परिषदेने त्यांच्यासाठी सुलभ नोंदणीच्या संकल्पनेला तत्त्वतः मंजुरी दिली आणि तिचा तपशील नंतर परिषदेपुढे ठेवण्याचे ठरविले.