वीज असतांना आणि नसतांना

ज्या वस्तूचें नांवच ‘विद्युत्’, तिनें क्षणभर चमकून नाहींसें व्हावें यांत शब्दशास्त्राच्या दृष्टीनें नवल कांहींच नाहीं. प्राचीनांस ठाऊक होती ती मेघांतली विद्युत्. तिला घरांत आणून भिंतीभिंतींतून खेळविण्याची किमया अलीकडची, आणि ती अखंड राहीलच हा विश्वास तर त्याहूनही अलीकडचा. ज्या वाचकांचीं बिऱ्हाडें मोठ्या शहरांत आहेत, त्यांस दुरुस्तीसाठीं मधूनमधून दोन-चार तास वीज बंद राहते यापलीकडे हा विषय फारसा जाणवत नसेल. परंतु २००५ पासून २०१२ पर्यंतचीं वर्षें ज्यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांत काढलीं, त्यांस ‘भारनियमन’ हा शब्द पंचांगांतील भद्रेइतका परिचयाचा झाला होता. शुभकार्य ठरवितांना पूर्वीं भद्रा पाहत. त्या वर्षांत दळण, पाणी आणि अभ्यास यांसाठीं लोक भारनियमनाचें वेळापत्रक पाहत. आम्ही तेव्हां शाळेंत शिकवीत होतों. मार्चमधील परीक्षेच्या तोंडावर ऐन संध्याकाळीं दिवे जावयाचे, आणि मुलांनीं कंदिलाभोंवतीं दाटीनें बसून संस्कृत रूपें घोकावयाचीं, हा क्रम आम्हीं कित्येक वर्षें पाहिला आहे.

हें भारनियमन मुळांत होतें कां, याविषयीं सुशिक्षितांतही पुष्कळ गैरसमज आहे. वीज ही धान्याप्रमाणें कणगींत भरून ठेवण्याची वस्तु नव्हे. ज्या क्षणीं आपण दिवा लावतों, त्याच क्षणीं तितकी वीज चंद्रपूर, कोराडी वा कोयना अशा कोठल्यातरी ठिकाणीं निर्माण व्हावी लागते. साऱ्या देशाचें जाळें सेकंदास ५० आवर्तनें या एका तालावर चालतें. मागणी वाढली व निर्मिती तितकी नसली कीं ताल मंदावतो. तो फारच मंदावला तर यंत्रें आपल्या रक्षणासाठीं आपणहून बाजूस होतात, आणि उरलेल्यांवरचा बोजा आणखी वाढतो. ३० व ३१ जुलै २०१२ या दोन दिवशीं जाळें कोलमडल्यास काय होतें हें देशानें पाहिलें. पहिल्या दिवशीं उत्तरेचें जाळें पडलें. दुसऱ्या दिवशीं उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशीं तिन्ही पडलीं, आणि सुमारें साठ कोटी लोकांच्या वस्तीचा प्रदेश विजेवांचून राहिला. हा सर्वनाश टाळण्यासाठीं थोड्यांची वीज तोडून बाकीच्यांची वांचविणें म्हणजे भारनियमन. कोणाची तोडावी, हा प्रश्न मात्र यंत्रशास्त्राचा नसून न्यायाचा आहे. आपल्याकडे जेथें गळती व थकबाकी अधिक तेथें अधिक तास अंधार, असा नियम झाला. आणि त्यामुळें वेळच्या वेळीं बिल भरणारा गृहस्थही शेजाऱ्यानें तारेवर टाकलेल्या आंकड्यापायीं अंधारांत बसला. तो नियम हिशेबास धरून असेल. आम्हांस तो कधींही गोड लागला नाहीं.

वेळापत्रकानें जाणारी वीज निदान वेळापत्रकानें येते. निसर्गाच्या कोपानें जाते तिची गोष्ट निराळी. आमचें गांव दापोली तालुक्यांत, समुद्रकांठीं आहे. ३ जून २०२० रोजीं, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधीं, ‘निसर्ग’ या नांवाचें चक्रीवादळ श्रीवर्धनाजवळ किनाऱ्यास लागलें. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि झाडें पडलीं तीं पुष्कळशीं विजेच्या तारांवरच. शेंकडों खांब मोडले. दापोली-मंडणगडाकडील व पलीकडे रायगडांतील कित्येक खेड्यांस पुन्हा दिवा दिसावयास कांहीं आठवडे लागले.

त्या पहिल्या रात्रीची हकीगत येथें मुद्दाम सांगतों. आमच्या वाडींत एक ऐंशी वर्षांच्या बाई आहेत. सर्व वाडी त्यांस माई म्हणते. फुप्फुसांच्या विकारामुळें त्यांस प्राणवायूचें यंत्र लावलेलें असे. वीज दुपारीं एकाच्या सुमारास गेली. घरांत इन्व्हर्टर होता, त्यामुळें मंडळी निर्धास्त होती. परंतु हिशेब असा : १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. रूपांतरांत कांहीं वीज वायां जाते, आणि बॅटरी तळापर्यंत उपसतां येत नाहीं. तेव्हां हातीं लागणारे बाराशें धरावेत. माईंचें यंत्र तीनशें ते साडेतीनशें वॉट घेई. म्हणजे साडेतीन तास, फार तर चार. त्यांचे चिरंजीव आमच्याकडे धांवत आले व म्हणाले, “गुरुजी, साडेचारापर्यंत निभेल. पुढें काय करूं?”

चारास वारा पडला. वाडींत आणखी चार घरीं तशाच बॅटऱ्या होत्या, आणि सुदैवानें कोणीं पंखेही लावले नव्हते. एकेक बॅटरी पन्नास किलोच्या वर. दोघादोघांनीं बांबूला बांधून, पडलेल्या झाडांवरून पाय टाकीत त्या माईंच्या ओसरीवर आणिल्या. इकडे तरुण मंडळी कोयते-कुऱ्हाडी घेऊन तालुक्याचा रस्ता मोकळा करण्यास गेली होती. रात्रभर दर साडेतीन तासांनीं एक बॅटरी काढावयाची व दुसरी जोडावयाची, असा पहारा चालला. पांचवी बॅटरी संपत आली असतां, सकाळीं सहाच्या सुमारास, प्राणवायूची टांकी येऊन पोहोंचली. माई पुढें दोन वर्षें होत्या.

ज्या घरीं असें यंत्र आहे, तेथें भरलेली एक टांकी कायम ठेवावी आणि आपली बॅटरी किती तास पुरते याची परीक्षा वीज असतांनाच घड्याळ लावून करावी. यंत्र विकणाऱ्याच्या तोंडच्या तासांवर विसंबूं नये. मधुमेहाच्या इन्सुलिनविषयींही येथेंच लिहितों. न उघडलेली कुपी शीतकपाटांत २ ते ८ अंशांत ठेवावयाची. वापरांत असलेली बहुधा चार आठवडे २५ ते ३० अंशांपर्यंत टिकते, तरी कुपीसोबतचा कागद वाचावा व वैद्यांस विचारावें. वीज गेल्यावर बर्फावर ती कधींही ठेवूं नये, गोठली तर निरुपयोगी होते. ओल्या वाळूंत ठेवलेल्या मातीच्या मडक्यांत, पाणी लागणार नाहीं अशा डब्यांत ती पुष्कळ थंड राहते. शीतकपाटाचें दार मिटलेलें ठेवलें तर आंतील गारवा सुमारें चार तास टिकतो. मुलांस हें समजावून सांगणें सर्वांत अवघड.

त्या आठवड्यांत वाडीचा खरा प्रश्न दिव्याचा नव्हता, पाण्याचा होता. विहिरी तुडुंब, पण पंप मुके. पंप आले तेव्हां बहुतेकांनीं रहाट काढून टाकले होते. आमचा गोठ्याच्या माळ्यावर पडून होता. तो बसवून नवा दोर लावीपर्यंत दुपार झाली, आणि घागरी ओढतांना तरुण मंडळींच्या तळव्यांस फोड आले. सूनबाईंनीं विचारलें, “बाबा, मिक्सरवांचून चटणी कशी व्हायची?” आमच्या घरांतून उत्तर आलें, “परसांत ज्यावर धुणं आपटतेस ना, तो पाटाच आहे. घासून आंत आण.” वरवंटा मात्र तीन दिवसांनीं सांपडला.

आतां वीज असतांनाच्या खर्चाकडे वळूं. काटकसर म्हटली कीं घरांतील वडील माणसें दिव्यांच्या बटणांमागें लागतात. दिव्यांनीं आतां फारसें कांहीं होत नाहीं. पूर्वींचा साठ वॉटचा दिवा जाऊन नऊ वॉटचा एलईडी आला, तेव्हांच ती लढाई जिंकली गेली. खरा खाऊ आहे तो उष्णता उत्पन्न करणारा पदार्थ. पंधरा लिटरांची एक बादली पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास, निसटणारी उष्णता सोडून, ०.३५ युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर नऊ वॉटचा दिवा सुमारें ३९ तास जळेल. पांच माणसांच्या घरीं दररोज माणशीं एक बादली धरली तर महिन्यास ५२ युनिटें केवळ स्नानाचीं. आपल्याकडे पहिल्या शंभर युनिटांस दर कमी, आणि पुढें १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असा तो पायरीपायरीनें चढतो. तेव्हां पहिल्या स्वस्त पायरीचा अर्धा भाग न्हाणीघरांतच वाहून जातो. आमच्याकडे न्हाणीघरांतील चुलाणें अद्याप शाबूत आहे. सोडणें आणि पातेरा यांवर सर्वांचें पाणी तापतें. शहरांत तें शक्य नाहीं हें आम्ही जाणतों. तेथें गच्चीवरील सौर बंब हा उत्तम उपाय. तोही नसेल तर स्नानास बसण्यापूर्वीं पंधरा मिनिटें गीझर लावावा व बंद करावा, पहांटेपासून तापत ठेवूं नये.

पंख्याचेंही तसेंच, कारण तो फार वेळ चालतो. जुना पंखा पाऊणशें वॉटचा. बारा तास चालला तर महिन्यास २७ युनिटें. नवे बीएलडीसी जातीचे पंखे तीसेक वॉटांत तितकाच वारा देतात, म्हणजे तेंच काम अकरा युनिटांत. जुन्या ठोकळेवजा रेग्युलेटरानें पंखा हळू केल्यास वीज वांचते अशी समजूत आहे. वांचलेली बरीचशी त्या ठोकळ्यांतच उष्णता होऊन जाते. हात लावून पाहावें, गरम लागेल. शीतयंत्राविषयीं आम्हांस अनुभव थोडा. पण १ जानेवारी २०२० पासून नवीं यंत्रें सुरू होतांच २४ अंशांवर येतील असा सरकारी नियम झाला आहे, आणि एकेक अंश चढविल्यास सुमारें सहा टक्के वीज वांचते असें ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. एवढें जावईबापूंस सांगून ठेविलें आहे.

कोणतें उपकरण किती खातें हें ओळखण्याची एक सोपी युक्ति आमच्या नातवास इतकी आवडली कीं तो पाहुण्यांच्या घरींही ती करूं लागला आहे. नव्या मीटरवर एक तांबडा ठिपका लुकलुकतो, आणि एका युनिटास तो किती वेळां लुकलुकतो तो आंकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरांतील सर्व बंद करून एकच उपकरण लावावें व मिनिटभर मोजावें. सोळा वेळां लुकलुकला तर तासास ९६०, म्हणजे तें उपकरण ३०० वॉटचें. त्रैराशिकाचा याहून चांगला पाठ आम्हांस चाळीस वर्षांच्या नोकरींत सुचला नाहीं. याच रीतीनें, सर्व कांहीं बंद आहे असें वाटत असतांही आमचा ठिपका लुकलुकतो हें नातवानें हेरलें. चोर निघाला दूरदर्शनसंचाजवळचा सेट-टॉप बॉक्स. तो दहा वॉट घेत होता. महिन्यास सात युनिटें, कोणी न पाहतां.

स्वयंपाकाविषयीं गृहिणींस आम्हीं शिकवावें असें फार नाहीं. डाळ भिजवून, झांकण ठेवून, कुकरांत शिजवावी हें त्या जाणतातच. भाताला एक चांगली उकळी आणून पातेलें जाड गोधडींत गुंडाळून पेटींत ठेवलें तर तो आपल्याच ऊबेवर शिजतो, एवढें मात्र करून पाहावें. विजेच्या शेगडीवर सारा स्वयंपाक नेणाऱ्यांनीं घरांत दुसरी एक चूल राखावी. आणि अंधार झाला म्हणून बंद खोलींत कोळशाची शेगडी किंवा जनरेटर कधींही लावूं नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो झोपेंतच प्राण घेतो. वीज जातांच मोठीं उपकरणें बटणावर बंद करावींत, एक दिवा तेवढा चालू ठेवावा. वीज परत आल्याचें तोच सांगतो.

छपरावरील सौरपट्ट्यांविषयीं हल्लीं फार विचारणा होते. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ‘पीएम सूर्यघर’ योजना काढली व ३ किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरविलें. एक किलोवॉटचा संच आपल्याकडे चांगल्या उन्हांत दिवसास चारेक युनिटें देतो. कोंकणांतील आषाढ-श्रावणांत अर्थातच पुष्कळ कमी. आमच्या शेजाऱ्यांनीं तो बसविला. पुढें एके दिवशीं भर दुपारीं वीज गेली आणि ते तावातावानें आले : “गुरुजी, सूर्य डोक्यावर, पट्ट्या तापलेल्या, आणि घरांत पंखा फिरत नाहीं. मग हा खर्च केला कशाला?” त्यांस कारण सांगितलें. जाळ्यास जोडलेला साधा संच वीज जातांच स्वतःहून बंद पडतो, आणि तसें त्यानें पडलेंच पाहिजे. तार मृत आहे असें समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. त्याच वेळीं आमच्या छपरावरून वीज तारेंत शिरली तर तो गेला. वादळानंतर भर पावसांत असे कितीतरी वायरमन बाहेरच्या जिल्ह्यांतूनही येऊन आमच्याकडे खांबांवर चढले होते. शेजाऱ्यांनीं मान डोलविली, पण पंख्याचा प्रश्न राहिलाच. अंधारांतही वीज हवी असेल तर संच बॅटरीसह, हायब्रिड जातीचा घ्यावा लागतो. तो महाग पडतो, आणि विकणारा हा भेद आपणहून सांगेलच असें नाहीं. सही करण्यापूर्वीं विचारावें. गेल्या दिवाळीनंतर शेजाऱ्यांनीं तसा बदल करून घेतला. हल्लीं वीज गेली कीं त्यांच्या ओसरीवर वाडींतील दहाबारा मोबाईल ओळीनें भारित होत पडलेले दिसतात, आणि आपला कोणता यावरून मुलांचीं भांडणें चालतात.