नगरवाढीचीं तीन प्रमेयें आणि अहमदनगर शहर

शहरांतील कोणती भूमि कोणत्या कामीं लागावी, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील दुर्गनिवेश-प्रकरणांत राजगृह, कोठारें व निरनिराळ्या वृत्तींच्या लोकांचीं घरें कोणत्या दिशेस असावीं, हें सांगितलें आहे. तो विधि होय. विसाव्या शतकांतील अमेरिकन पंडितांनीं मात्र वाढलेलीं शहरें पाहून त्यांतील क्रम शोधिला. त्यांचीं तीन प्रमेयें अहमदनगरास (२०२४ पासून अहिल्यानगर) कितपत लागू पडतात, हें प्रस्तुत लेखांत पाहूं.

बर्जेस यानें १९२५ सालीं शिकागोवरून वलयांचें प्रमेय मांडिलें : मध्यें बाजार, त्याभोंवतीं जीर्ण वस्तीचें संक्रमण-वलय, मग कामकऱ्यांचीं आणि पुढें सुखवस्तु लोकांचीं घरें. हॉइट यानें १९३९ सालीं दाखविलें कीं, वाढ वलयांनीं न होता रस्ते व लोहमार्ग यांच्या कडेनें पाचरीसारखी होते. हॅरिस व उलमन यांनीं १९४५ सालीं शहरास एक नव्हे, अनेक केंद्रें असतात असें प्रतिपादिलें.

आतां नगरची भूमि पाहावी. पश्चिमेस सीना नदी. पूर्वेस किल्ला आणि त्यापलीकडे भिंगारची छावणी. मध्यें कापडबाजारासह जुनें शहर. नदी व लष्करी जमीन यांनीं दोन्ही बाजू अडविल्यावर वलय पुरें होणार कोठून? पुढील विस्तार मुख्यतः उत्तरेस सावेडीकडे व दक्षिणेस केडगांवाकडे झाला. मनमाड रस्त्याच्या अनुरोधानें सावेडी व पुढें नागापूरची औद्योगिक वसाहत पसरली. येथें हॉइटची पाचर स्पष्ट दिसते.

तरी सर्वांत जवळचें प्रमेय तिसरेंच. १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें ८ तारखेस तटबंद पेठ घेतली, पण किल्ला हातीं आला तो १२ तारखेस. पेठ व किल्ला हीं दोन स्वतंत्र केंद्रें असल्याचा याहून उघड पुरावा कोणता हवा? पुढें छावणी झाली. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन जुन्या शहरापासून दूर दक्षिणेस स्थानक आलें.

मात्र एक भेद ध्यानीं घ्यावा. अमेरिकन प्रमेयांत जमिनीचें भाडें व व्यापाराची सोय यांस मोठें स्थान आहे. येथें किल्ला राजाज्ञेनें, छावणी लष्कराच्या सोयीनें व औद्योगिक वसाहत शासनाच्या योजनेनें वसली. निजामशाहींत कापूरवाडी, वडगांव इत्यादि ठिकाणांहून खापरी नळांनीं पाणी आणिलें, तेंही राजसत्तेच्याच बळावर. म्हणजे नगरचीं केंद्रें बहुधा सत्तेनें नेमिलीं आणि त्यांमधील जागा व्यवहारानें भरली. कौटिल्याचा विधि व आधुनिकांचें निरीक्षण हीं दोन्ही हातीं घेतल्याविना हें शहर उलगडत नाहीं.

हा केवळ पंडिती वाद नव्हे. वलयांचा नकाशा डोळे मिटून नगरवर ठेविला, तर बाजाराभोंवतालच्या जुन्या पेठा "संक्रमण-वलय" ठरतात, आणि जीर्ण म्हणून पाडण्यास योग्य वाटूं लागतात. परंतु खालीं दुकान व वर बिऱ्हाड अशी येथील जुनी रीत असून तींत बाजार व वस्ती एकाच जागीं नांदतात. त्या पाडल्या तर दिल्ली दरवाजा व माळीवाडा वेस उभ्या राहतील. पण त्या कशाच्या वेशी होत्या, हें सांगणारी भूमि उरणार नाहीं. यास्तव ज्यांच्या संग्रहीं पेठांचे जुने नकाशे, खरेदीखतें वा नळांच्या दुरुस्तीचे कागद असतील, त्यांनीं ते नकलून घेण्यास द्यावे, अशी आमची विनंति आहे.