महाविद्यालयांच्या दप्तरात ‘सात’ आहे, ‘बारा’ नाही

शेतकऱ्याच्या घरातील मुलाला सातबारा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख होय. जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर बोजा कोणता, हे त्यात नोंदलेले असते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. त्या जमिनीत यंदा काय पेरले, किती क्षेत्र पडीक राहिले, पाणी कोठून मिळाले, हे ती सांगते. एक नमुना मालमत्ता सांगतो, दुसरा त्या मालमत्तेचा प्रत्यक्ष उपयोग. म्हणूनच दोन्ही एकत्र बांधले गेले आणि ‘सातबारा’ हा एकच शब्द रूढ झाला. आपल्या शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांच्या दप्तराकडे या दृष्टीने पाहिले, तर एक उणीव चटकन ध्यानात येते. तेथे ‘सात’ आहे, ‘बारा’ नाही. काय विकत घेतले ते लिहिलेले सापडते. त्याचे पुढे काय झाले, ते सापडत नाही.

हा प्रश्न कारकुनी स्वरूपाचा आहे, असे समजून त्याकडे दुर्लक्ष करण्याची आपली रीत आहे. परंतु मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यांसारख्या गावाच्या दृष्टीने तो पोटापाण्याचा आहे. तेथून बारावी झालेल्या मुलामुलींची वाट बहुधा मोताळ्याला, मलकापूरला किंवा राजूर घाट चढून बुलढाण्याला जाते. त्या महाविद्यालयात प्रयोगशाळा किती, त्यांतील उपकरणे चालू किती, मुलींच्या वसतिगृहात राहण्याजोग्या खोल्या किती, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे, हे प्रवेश घेण्यापूर्वी कळावे, अशी त्या पालकांची साधी अपेक्षा असते. आपल्या गावातील प्रत्येक शेताचा उतारा त्यांना मिळतो. वऱ्हाडात मुंबई पद्धतीची मोजणी व जमाबंदी १८६० नंतरच्या दशकात सुरू झाली, तेव्हापासून शिवारातील प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे. गावच्या शाळेलाही अकरा अंकी ‘यूडायस’ क्रमांक आहे. तिच्या वर्गखोल्या, स्वच्छतागृहे व पिण्याचे पाणी यांची नोंद दरवर्षी होते. शेताचा आणि शाळेचा हिशेब ठेवणारे हे राज्य महाविद्यालयाच्या दारापाशी आले की मात्र मोघम बोलू लागते.

नोंदी आहेत, माहिती नाही

नोंदीच नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. उलट त्यांचा सुकाळ आहे. विद्यापीठाच्या संलग्नीकरणासाठी एक नमुना भरावा लागतो, उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयासाठी दुसरा. केंद्र शासनाच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाला २०१०-११ पासून माहिती द्यावी लागते. १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेचे, म्हणजे ‘नॅक’चे अहवाल निराळे. त्यात शिष्यवृत्तीच्या संगणकीय याद्यांची भर पडते. त्याच इमारतीची, त्याच बाकांची आणि त्याच विद्यार्थ्यांची माहिती अनेक वेळा, अनेक साच्यांत ओतली जाते.

आणि ती जुळत नाही. यामागे नेहमी लबाडीच असते, असे मानण्याचे कारण नाही. एक नमुना विशिष्ट दिनांकाची पटसंख्या विचारतो, दुसरा संपूर्ण शैक्षणिक वर्षाची. एकाला आर्थिक वर्षाचा खर्च हवा असतो, दुसऱ्याला जून ते मेचा. एक बांधीव क्षेत्रफळ मागतो, दुसरा चटई क्षेत्र. मूळ आकडा एकाच ठिकाणी, दिनांकासह लिहून ठेवलेला नसल्यामुळे प्रत्येक वेळी तो नव्याने ‘तयार’ करावा लागतो. माहिती गोळा करणे आणि माहिती तयार करणे यांतील अंतर फार थोडे आहे. समिती उद्या येणार असली की तेही उरत नाही.

२०१७ पासून ‘नॅक’च्या मूल्यांकनात संख्यात्मक माहितीला प्रधान स्थान मिळाले आणि संस्थेने पाठविलेल्या आकड्यांची पडताळणी दूरस्थ पद्धतीने होऊ लागली. व्यक्तीच्या लहरीपेक्षा आकडा बरा, हा त्यामागील हेतू योग्यच होता. पण आकडा जेथे जन्मतो तेथील व्यवस्था सुधारल्यावाचून वरची पडताळणी कितीही कडक केली तरी ती कागदाशी कागद ताडून पाहण्यापुरतीच राहते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘नॅक’च्या एका तपासणी पथकातील सदस्यांना श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. परंतु वर्षभर उघडी असणारी नोंदवही नसली म्हणजे दोन दिवसांच्या भेटीला किती अवाजवी मोल येते, हे त्यावरून उमगावे.

निर्लेखनाची धास्ती

जडसंग्रह नोंदवही, म्हणजे नित्याच्या बोलीतील डेडस्टॉक रजिस्टर, हे या साऱ्याचे मूळ आहे. वस्तू खरेदी झाली की तीत दिनांक, किंमत, पुरवठादार आणि अनुदानाचे शीर्ष लिहिले जाते. मार्चअखेर प्रत्यक्ष पडताळणी व्हावी, असा दंडक आहे. पुष्कळ ठिकाणी ‘पडताळणी केली, बरोबर आढळले’ असा शेरा आणि त्याखाली सही एवढ्यावर ती उरकते. सूक्ष्मदर्शक यंत्राचे भिंग तडकले, संगणक तीन वर्षे बंद पडून आहे, यासाठी त्या वहीत रकानाच नसतो. वस्तू एक तर ‘आहे’ किंवा ‘नाही’. ‘आहे, पण उपयोगाची नाही’ ही तिसरी अवस्था, जी आपल्या सार्वजनिक संस्थांत सर्वांत अधिक आढळते, तिला नोंदवहीत स्थान नाही.

मोडकी वस्तू वहीतून कमी करावयाची तर निर्लेखन करावे लागते. त्यासाठी समिती, घसाऱ्याचा हिशेब, वरिष्ठांची मंजुरी आणि लिलाव अशा पायऱ्या आहेत. सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी त्या हव्यातच. पण लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, वसुली आपल्याच अंगावर येईल, या धास्तीने कोणी त्या पायऱ्या चढतच नाही. परिणामी मोडक्या खुर्च्या आणि गंजलेली कपाटे एखाद्या खोलीत कोंबून तिला कुलूप लावले जाते. कागदावर ती खोली वर्गखोलीच असते. बाहेर व्हरांड्यात तास घेणारा प्राध्यापक आणि आत कुलूपबंद भंगार, हे दृश्य नोंदवहीच्या एका त्रुटीतून निर्माण झालेले आहे.

दुसरी बाजू माणसांच्या नोंदींची. बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ पर्यंत नागपूर विद्यापीठाकडे होती. त्या वर्षी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि ती त्याच्याकडे आली. १९७८ साली पदवीधर झालेल्या माणसाला आपल्या गुणांचा दाखला हवा असेल तर त्याचा एक धागा महाविद्यालयात, दुसरा नागपुरात असतो. महाविद्यालयातील वहीला वाळवी लागली असेल तर पहिला धागा तुटलाच. जुन्या नोंदीचे मोल किती, हे २०२३ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी धुंडाळताना महसुली दप्तरांबरोबर शाळांच्या प्रवेश नोंदवह्याही उघडल्या गेल्या; जेथे त्या जपलेल्या होत्या तेथे काम झाले, जेथे पाने झडून गेली तेथे नुसती हळहळ उरली. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याचे श्रेयांक एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेण्याची सोय केली आहे. ज्या महाविद्यालयाची नोंद चुकेल, त्याच्या विद्यार्थ्याचे वर्षच अडकून पडेल.

आपल्याच घरातील धडा

दप्तर राखणे ही मराठी माणसाला परकी विद्या नाही. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, दफ्तरदार ही हुद्द्यांची नावे आपल्याकडे आडनावे होऊन बसली, इतकी ती प्रतिष्ठेची होती. पेशवे दप्तर टिकले म्हणून अठराव्या शतकातील एखाद्या परगण्याचा वसूल आज सांगता येतो.

अलीकडचे उदाहरणही घरचेच आहे. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाच्या मांडणीत आणि अभिलेख व्यवस्थेत जो बदल घडविला, तो ‘लखिना पॅटर्न’ म्हणून सर्वश्रुत आहे. त्यात कोणतेही महागडे यंत्र नव्हते. कागदांची वर्गवारी करणे, कायम ठेवावयाचे, ठरावीक मुदतीपर्यंत ठेवावयाचे आणि नष्ट करावयाचे असे गठ्ठे वेगळे बांधणे, प्रत्येक गठ्ठ्याला जागा आणि प्रत्येक जागेला खूण देणे, एवढेच ते सूत्र. हवा तो कागद सापडू लागला, म्हणजे नागरिकाचा हेलपाटा वाचू लागला. महसूल खात्याने जे केले ते महाविद्यालयांना अशक्य का असावे?

अमेरिकेत १९७३ साली उच्च शिक्षणसंस्थांच्या इमारतींची नोंद व वर्गीकरण यांसाठी एक समान पुस्तिका प्रसिद्ध झाली. पुढे १९९२ व २००६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिच्यात प्रत्येक खोलीला उपयोगानुसार सांकेतिक क्रमांक आहे: वर्गखोलीला ११०, अध्यापनाच्या प्रयोगशाळेला २१०, कार्यालयाला ३१०. खोली हा तेथील नोंदीचा मूळ घटक आहे. इमारत नव्हे, संस्थाही नव्हे. आपल्या शिवारात गट क्रमांक जे काम करतो, तेच तेथे खोलीचा क्रमांक करतो. मग ‘चाळीस वर्गखोल्या’ असे मोघम विधान करता येत नाही. कोणत्या चाळीस, हे सांगावे लागते.

काय करता येईल?

उपाय खर्चिक नाहीत. पहिला, प्रत्येक खोलीला कायमचा क्रमांक आणि तिच्या नावे एक पान. लांबी-रुंदी, बाके, पंखे, विजेची जोडणी, गळती, शेवटची दुरुस्ती आणि आठवड्यातील तास, एवढे त्या पानावर पुरे. दुसरा, वर्षातून दोनदा फेरी: एक पावसाळ्यात, छप्पर खरे बोलते तेव्हा, दुसरी परीक्षांपूर्वी. एक प्राध्यापक, एक लिपिक आणि एक विद्यार्थी यांनी मिळून ती करावी. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद करू लागला. पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या वर्गातील बाके मोजता येऊ नयेत, असे नाही. तिसरा, सर्व शासकीय नमुने याच एका नोंदवहीवरून भरले जावेत आणि आकड्यापुढे दिनांक असावा. चौथा, निर्लेखनाच्या प्रस्तावावर ठरावीक मुदतीत निर्णय देण्याचे बंधन वरिष्ठ कार्यालयावर घालावे.

पाचवा उपाय दप्तराच्या सुरक्षिततेचा. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य नस्ती भस्मसात झाल्या. एकच प्रत ठेवण्याचा धोका तेव्हा कळला. संगणकावर माहिती चढविली म्हणजे काम संपले, हाही भ्रमच आहे. कर्मचारी सेवानिवृत्त होतो, त्याच्यापाशी असलेला परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नसतो आणि दहा वर्षांचे दप्तर त्या पेटीत अडकते. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी आणि कार्यभार सोपविताना नोंदवह्यांची यादी सहीनिशी दिली-घेतली जावी.

हे सारे करणार कोण? येथे शासनाला आपली जबाबदारी टाळता येणार नाही. शिक्षकेतर पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवावयाची, आहे त्या लिपिकावर तिघांचे काम टाकावयाचे आणि वर अचूक माहितीची अपेक्षा धरावयाची, हा न्याय नव्हे. पूर्वी दप्तरदाराला मान होता, कारण राज्याचा व्यवहार त्याच्या वहीवर चाले. आजही अनुदान, शिष्यवृत्ती आणि निवृत्तिवेतन त्याच वहीवर चालते. मान मात्र उरलेला नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो बिनबुडाचा नाही. जे महाविद्यालय प्रामाणिकपणे ‘अकरा उपकरणे बंद’ असे लिहील, त्याची श्रेणी घसरेल. जे लपवील, ते मिरवील. मग खरे लिहावे कोणी? याचे उत्तर नियम करणाऱ्यांनीच द्यावयाचे आहे. बंद उपकरण हा दोष मानू नये. बंद उपकरणाची नोंद नसणे हा दोष मानावा. गळक्या छपराची दिनांकासह नोंद असेल तर दुरुस्तीची मागणी ही याचना राहत नाही, हक्क होतो. निधी थोडा असतो, हे मान्य. पण थोडा निधी आधी कोठे द्यावयाचा, हे ठरविण्यासाठी तरी खरी नोंद हवी. नाही तर तो ज्याची वट मोठी त्याच्याकडे जातो, आणि लहान गावांच्या महाविद्यालयांची वट नेहमीच लहान असते.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ साली आला. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांना अभिलेख सूचिबद्ध ठेवण्यास आणि माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्यास सांगितले आहे. शासनाच्या निधीवर मुख्यत्वे चालणाऱ्या संस्थाही त्याच्या कक्षेत येतात. तेव्हा नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक महाविद्यालयाने आपला एक पानी उतारा मराठीत सूचनाफलकावर लावावा: खोल्या किती, वापरात किती, उपकरणे किती, चालू किती, पदे किती, भरलेली किती. धामणगाव बढे येथील पालकाने प्रवेशाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी तो वाचावा आणि पुढच्या वर्षी, त्यात काय बदलले, असे विचारावे. सातबारा वाचणाऱ्या समाजाला हा उतारा वाचणे मुळीच कठीण जाणार नाही.