ताटावरचे टोमणे

"अगं, किती सुटलीस! आता पुरे कर भात." लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, अगदी घरातही आपण हे सहज बोलून जातो. बोलतो मायेपोटीच, पण चौदा-पंधरा वर्षांच्या लेकीच्या घशात घास अडकतो. मुलगेही सुटत नाहीत. 'ढोल्या' या हाकेला हसून ओ देणारं पोरगं एकटं असताना रडतं.

आमच्या बीडकडे काळजी असते ती हाडकुळ्या लेकरांची. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत ती खरीही आहे. म्हणून जाड मूल म्हणजे खात्यापित्या घरचं, त्याला कसलं आलंय दुःख, असं आपण धरूनच चालतो.

मूल मात्र मनात कुढतं. शाळेचा डबा मैत्रिणींना वाटून टाकतं, दिवसभर उपाशी राहतं. रात्री भूक अनावर झाली की लाडू, फरसाण, हाताला लागेल ते चोरून खातं. मग स्वतःचीच लाज वाटते आणि सकाळी पुन्हा उपास! काही मुलं मुद्दाम उलटी काढतात.

यात वजन भराभर उतरलं की आपण म्हणतो, "वा, छान बारीक झालीस!" इथेच फसगत होते. मूल अजून जाड दिसत असलं तरी उपासमारीने नाडी मंदावू शकते, चक्कर येते, पाळी थांबते. हा आजार फक्त काटकुळ्या मुलींना होतो असं नाही.

मग काय करायचं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली पालकांना सांगितलं, की मुलांशी वजनाबद्दल बोलू नका, डाएटच्या मागे लावू नका, सगळे मिळून जेवा. आपल्याला हे अवघड नाही. भाकरी, वरण, पालेभाजी, मटकीची उसळ सगळ्यांच्याच ताटात वाढा. एकटीपुढेच काकडीची ताटली नको.

मूल जेवण टाळू लागलं, चोरून खाऊ लागलं, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाऊ लागलं, तर रागावू नका, डॉक्टरांना दाखवा. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक असतात. 2022 साली सुरू झालेल्या 'टेलिमानस'च्या 14416 या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं.

मैत्रिणींनो, वजन हळूहळू कमी करता येईल. तोवर लेकराला आपल्या घरात तरी पोटभर, निवांत जेवू द्या.