हातभर अंतरावरचे आश्चर्य

जादूचा खेळ म्हटला की भव्य रंगमंच, झगमगते पडदे आणि पेटीत घालून करवतीने कापली जाणारी तरुणी, असेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या कलेची एक शाखा अशी आहे की, तिला ना रंगमंच लागतो, ना पडदा. एक मेज, त्याभोवती बसलेली चारपाच माणसे, एखादे नाणे किंवा पत्त्यांचा जोड आणि दोन हात, एवढेच तिचे भांडवल. प्रेक्षक हातभर अंतरावर असतो, वस्तू हाताळून पाहण्याची त्याला मुभा असते, आणि तरीही नाणे त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसे होते. दुरून पाहताना फसणे समजण्यासारखे आहे. परंतु जवळ जावे तसे आश्चर्य कमी न होता वाढावे, हे या कलेचे वैशिष्ट्य होय. जपानने ती मोठ्या प्रेमाने जोपासली आहे.

पारंपरिक जादूला जपानी भाषेत 'तेझुमा' असे नाव आहे. 'ते' म्हणजे हात आणि 'इनाझुमा' म्हणजे वीज. विजेसारखा चपळ हात तो तेझुमा, अशी या शब्दाची फोड सांगण्यात येते. आठव्या शतकाच्या सुमारास चीनमधून जे कसरतीचे व करमणुकीचे खेळ जपानात आले, त्यांच्यात या कलेचे मूळ आहे. पुढे एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या अवधीत, ती रस्त्यावरून आणि नाटकगृहांतून घराघरांतील बैठकींतही शिरली. चटईवर बसलेल्या पाहुण्यांपुढे यजमानाने करून दाखवाव्यात अशा करामतींची सचित्र पुस्तके निघू लागली. 1764 साली छापलेले 'होकासेन' हे त्यांपैकी एक नामांकित पुस्तक. गुपित छापले गेले, विकले गेले, आणि तरीही कला जिवंत राहिली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या कलेची प्रतिष्ठा किती होती याची साक्ष एका सरकारी कागदाने दिली आहे. परदेशगमनावरील दीर्घकालीन बंदी उठल्यावर 1866 साली जपानी शासनाने जे पहिल्या क्रमांकाचे पारपत्र दिले, ते कोणा मुत्सद्द्याला अथवा व्यापाऱ्याला मिळाले नाही. ते मिळाले सुमिदागावा नामिगोरो या जादूगाराला. त्याची मंडळी अमेरिकेत गेली आणि 1867 साली पॅरिसलाही तिचे खेळ झाले.

त्या काळी पाश्चात्यांना सर्वांत अधिक मोहविले ते फुलपाखरांच्या खेळाने. जादूगार कागदाचा एक तुकडा घेतो, त्याला पीळ देऊन फुलपाखराचा आकार देतो आणि हातातील पंख्याच्या वाऱ्यावर ते तरंगत ठेवतो. ते फुलावर बसते, उडते. त्याला जोडीदार मिळतो. आणि अखेरीस कागदाच्या असंख्य पाकळ्यांनी आसमंत भरून जातो. हा कागद आहे हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तो प्रेक्षकांसमक्षच फाडलेला असतो. तरीही त्यात प्राण आल्याचा भास होतो आणि त्या इवल्या जीवाविषयी ममता वाटू लागते. या परंपरागत जादूची नोंद व जतन व्हावे म्हणून जपान सरकारने 1997 साली अमूर्त सांस्कृतिक ठेव्यांत तिची निवड केली.

विसाव्या शतकात ही हस्तकला जगभर नेणाऱ्यांत तेन्काई इशिदा (1889–1972) यांचे नाव अग्रभागी आहे. तेन्कात्सु या विख्यात स्त्री-जादूगाराच्या मंडळीबरोबर ते 1924 साली अमेरिकेस गेले, तेथेच राहिले आणि 1958 साली मायदेशी परतले. पत्ता तळहातात दडविण्याची त्यांची एक रीत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आता या चलाखीचे शास्त्र पाहू. 'हात डोळ्यापेक्षा चपळ असतो' असे म्हणतात. परंतु ते खरे नाही. हात कितीही वेगाने हालला तरी डोळा ती हालचाल टिपतो, आणि घाईची हालचाल तर संशयच उत्पन्न करते. कुशल कलावंत सावकाश काम करतो. उजव्या हातातील नाणे डाव्या हातात दिल्याचा अभिनय करावयाचा असेल, तर प्रथम तो ते अनेकदा खरोखरीच देऊन पाहतो, आणि खोटे देणे खऱ्यासारखे दिसेपर्यंत आरशासमोर सराव करतो. शिवाय माणसाची एक सवय त्याच्या उपयोगी पडते. समोरचा जिकडे पाहतो तिकडे आपण पाहतो. कलावंताची दृष्टी डाव्या मुठीवर खिळली की, सर्वांची दृष्टी तेथेच जाते, आणि नाणे उजव्या हातात निश्चिंत राहते. विनोदावर मंडळी हसली की, त्यांचे अवधान क्षणभर सैल होते. पुष्कळदा खरे काम त्याच क्षणी उरकलेले असते. म्हणजे फसतो तो डोळा नव्हे, फसते ते अवधान.

हे एकदा जाणले म्हणजे जपानातील आणखी एका प्रथेचा अर्थ उमगतो. 1931 साली स्थापन झालेल्या 'तेन्यो' या संस्थेने जादूची छोटी साधने बनवून मोठमोठ्या दुकानांत विकण्याचा परिपाठ पाडला. विक्रेता करामत करून दाखवतो आणि गिऱ्हाईक पेटीबरोबर तिचे रहस्यही घरी नेते. हौशी जादूगारांचे एक मंडळ टोकियोत 1933 पासून आहे. रहस्य विकत घेता येते. हात मात्र स्वतःच घडवावा लागतो.

या रहस्याच्या मालकीवरून न्यायालयात वादही झाला. नाणे विद्रूप करणे हा जपानात 1947 च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. 2006 साली जादूसाठी नाणी कोरणाऱ्या काही जणांना अटक झाली, तेव्हा दूरचित्रवाणीवरील वृत्तांतांत त्या नाण्यांचे गुपितही उघड करण्यात आले. जादूगारांच्या एका गटाने नुकसानभरपाईचा दावा लावला. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने 2008 साली तो फेटाळला. ज्यांची रोजीरोटी त्या गुपितावर होती त्यांचे दुःख खरे होते. तथापि त्यानंतरही जपानात मेजावरची जादू बंद पडली नाही. फुलपाखरू कागदाचे आहे हे कळूनही त्याची मोहिनी उरते, त्यातलाच हा प्रकार.

मग या कलेचा खरा घात कशाने होतो? गुपित फुटल्याने नव्हे, तर सचोटी सुटल्याने. जादूगार आधीच सांगतो की हा खेळ आहे. प्रेक्षक राजीखुशीने फसतो आणि हसत घरी जातो. ज्या हातांनी नाणे लपते त्याच हातांनी विभूतीची गोळीही लपते. आणि तेथे हेच कसब दैवी सामर्थ्य म्हणून खपविले की, भोळ्या माणसाची श्रद्धा आणि पैसा दोन्ही लुबाडले जातात. तथाकथित चमत्कारांनी लोकांना फसविणे महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे, ते याच कारणाने. हातभर अंतरावर बसून एखाद्या प्रामाणिक कलावंताचे हात ज्याने लक्षपूर्वक पाहिले आहेत, तो भोंदूच्या हाताकडेही डोळसपणे पाहतो. निर्मळ करमणुकीतून लाभणारे हे शहाणपण लहान नव्हे.