तिसरी तार

विजेच्या इस्त्रीचा प्लग नीट पाहिला, तर त्याला तीन पिना असल्याचे दिसते. दोन पिना सारख्या असतात. तिसरी मात्र अधिक लांब व जाड असते. इस्त्री तापण्यास दोनच तारा पुरतात. मग ही तिसरी पिन आणि तिला जोडलेली हिरवी तार कशासाठी बरे असावी?

वापरता वापरता इस्त्रीच्या आतील एखाद्या तारेचे वेष्टन झिजते. उघडी पडलेली तार धातूच्या भागाला टेकली, की त्या साऱ्या भागात वीज येते. बाहेरून मात्र काहीच कळत नाही. अशा इस्त्रीला अनवाणी उभ्या असलेल्या मुलाने हात लावला, तर २३० व्होल्टची वीज त्याच्या शरीरातून जमिनीकडे धाव घेते. असा धक्का प्राणावरही बेतू शकतो.

तिसरी तार असली, म्हणजे विजेला जमिनीत उतरण्यास शरीराहून कितीतरी सुगम वाट मिळते. त्या वाटेने प्रवाह एकाएकी वाढतो, फ्यूजची तार वितळते आणि पुरवठा बंद पडतो. प्लग बसवताना ही जोडणी सर्वांआधी व्हावी व काढताना सर्वांनंतर सुटावी, म्हणून तिची पिन लांब ठेवलेली असते.

या जोडणीला 'भूसंपर्क' म्हणतात. कारागिरांच्या बोलण्यात तिचे नाव 'अर्थिंग'. तारेचे टोक नुसते मातीत खोचून हे काम होत नाही, कारण कोरडी माती विजेला सहज वाट देत नाही. म्हणून ओलसर जागी धातूची नळी किंवा पत्रा खोल पुरतात. ते कसे करावे, हे भारतीय मानक ३०४३ मध्ये सांगितले आहे. हे मानक प्रथम १९६६ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार पत्रा निदान ६० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असावा, आणि त्याची वरची कड जमिनीखाली निदान दीड मीटर असावी.

मानक म्हणजे जाणत्या लोकांनी विचारपूर्वक ठरवलेली रीत. परंतु रीत सांगणे वेगळे आणि ती पाळावयास लावणे वेगळे. मानक हा स्वतः कायदा नव्हे. कायद्याने त्याचा आधार घेतला, म्हणजे त्याला बळ येते. १९१० च्या वीज अधिनियमाखाली १९५६ साली जे नियम झाले, त्यांनी हेच केले. वीज पुरवणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत भूसंपर्काचे टोक द्यावे व ते सुस्थितीत राखावे, असे बंधन त्यांनी घातले. दिवा किंवा पंखा बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडून बाकीचे तारकाम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, असेही सांगितले. कामाच्या पद्धतीसाठी त्यांनी मानकांकडे बोट दाखवले. मात्र मानक व नियम यांत विसंगती आढळल्यास नियमच श्रेष्ठ ठरवला. पुढे २००३ साली नवा विद्युत अधिनियम आला. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली व पुन्हा २०२३ साली सुरक्षेचे विनियम केले.

आता कोणी विचारील, एवढ्याशा तारेसाठी कायदा कशाला? त्याचे कारण त्या तारेच्या स्वभावातच आहे. दिव्याची तार तुटली तर लगेच अंधार होतो आणि माणूस ती दुरुस्त करतो. तिसरी तार तुटली तर काहीच बिघडलेले दिसत नाही. दोन छिद्रांच्या जागी प्लग बसावा म्हणून काही जण तिसरी पिन कापूनही टाकतात. इस्त्री पूर्वीसारखीच तापते. जिची उणीव अपघाताच्या क्षणापर्यंत कळत नाही, तिची काळजी आधीच घ्यावी लागते. कायदा ती काळजी घ्यावयास सांगतो; घरातील पिन शाबूत ठेवणे मात्र घरातल्या माणसांच्याच हाती असते.