पट्टा, कटोरी आणि मापाची टेप

चप्पल घ्यायला गेलो की आपण एक आकडा सांगतो आणि मग ती पायात घालून चार पावले चालून पाहतो. ब्रा घेताना (घरोघरी तिला बॉडी किंवा बॉडीस म्हणतात) यातले दुसरे काम बहुतेक ठिकाणी होतच नाही. काउंटरवर हळू आवाजात 'चौतीस' म्हणायचे, दुकानदाराने दोन खोकी पुढे सरकवायची, आणि कागदात गुंडाळलेली वस्तू पिशवीत टाकून बाहेर पडायचे. मुलीसाठी खरेदी असेल तर ती आई अंदाजाने करते. मग तो कपडा महिनोन् महिने खांद्यावर काचत राहतो, पाठीवर वर चढत राहतो, आणि काचणे हा त्याचा स्वभावच आहे अशी समजूत होऊन बसते.

ही समजूत खरी नाही. मापाची ब्रा काचत नाही. आणि माप कसे ठरते हे समजण्यासाठी लागणारे विज्ञान शालेय पुस्तकांबाहेरचे नाही. परीघ, वजाबाकी, घनफळ, कप्पी आणि मोजमापातील त्रुटी एवढी सामग्री पुरते.

हा विषय शिक्षकांपुढे का मांडायचा? इंग्लंडमधील पोर्टस्मथ विद्यापीठातील संशोधकांनी ११ ते १८ वर्षे वयाच्या २,०८९ शाळकरी मुलींची पाहणी केली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४६ टक्के मुलींनी सांगितले, की स्तनांमुळे आपल्या खेळातील किंवा व्यायामातील सहभागावर काही ना काही परिणाम होतो. ८७ टक्के मुलींना स्तनांविषयी अधिक माहिती हवी होती. आपल्याकडे आठवी-नववीत येताच ज्या मुली खो-खोच्या मैदानाच्या कडेला बसू लागतात, त्यांची कारणे अनेक असतात. त्यांत हेही एक असू शकते, हे मात्र आपल्या ध्यानात सहसा येत नाही.

आधार कशासाठी?

स्तनात स्नायू नसतो. दूधग्रंथी, चरबी आणि त्यांना बांधून ठेवणारी संयोजी ऊती यांचा तो बनलेला असतो, आणि छातीच्या मोठ्या स्नायूवर नुसता बसलेला असतो. लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८४० साली स्तनाच्या रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी त्वचेपासून आतल्या आवरणापर्यंत जाणाऱ्या तंतूंच्या पातळ पडद्यांचे वर्णन केले. त्यांना आजही कूपरचे बंध म्हणतात. हे बंध आणि वरची त्वचा एवढाच काय तो निसर्गाने दिलेला आधार. दंडाच्या स्नायूसारखा व्यायामाने स्तन बळकट होईल ही कल्पना म्हणूनच चुकीची आहे. बळकट होतो तो त्याच्याखालचा स्नायू.

धावताना धड वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलते. जडत्वामुळे स्तन प्रत्येक हालचालीत धडाच्या थोडा मागे राहतो आणि मग ओढला जातो. कॅमेऱ्यांनी ही हालचाल टिपली तर ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते. ओढ वारंवार बसली की दुखते. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात १९७७ साली लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी धावण्यासाठीची पहिली ब्रा तयार केली, ती याच त्रासातून. पहिला नमुना त्यांनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटासारखे आधारपट्टे एकमेकांना शिवून बनवला होता. अशी ब्रा बाजारात यायला विसाव्या शतकाची शेवटची पंचवीस वर्षे उजाडावी लागली, हेही विचार करण्यासारखे आहे.

भार कोण उचलतो?

बहुतेकांना वाटते, की ब्रा खांद्यावरच्या बंदांना टांगलेली असते. चांगल्या मापाच्या ब्रामध्ये भाराचा मोठा वाटा छातीभोवतीचा पट्टा पेलतो. पट्टा बरगड्यांना घट्ट धरून राहिला की कटोऱ्यांना खालून टेकू मिळतो. बंदांचे काम फक्त कटोरीची वरची कड जागेवर ठेवण्याचे.

आता पट्टा सैल आहे असे समजा. खांदा ही कप्पी, आणि तिच्यावरून गेलेला बंद ही दोरी. दोरीच्या पुढच्या टोकाला स्तनाचा भार आहे, मागच्या टोकाला पट्ट्याची पाठीकडची बाजू. पट्टा पाठीला धरून नसल्यामुळे पुढचा भार खाली येतो आणि मागची बाजू वर चढते. विहिरीवरच्या रहाटाचे हे गणित आहे. यावर सगळ्याजणी जो उपाय करतात तो म्हणजे बंद आखूड करणे. पण दोरी आखडली की मागचे टोक आणखी वर ओढले जाते! पुढून आधार नाहीच, वर सगळा भार खांद्याच्या बोटभर पट्टीवर. प्रत्येक बाजूला ३०० ग्रॅम भार बंदावर आला आणि बंद १ सेंमी रुंद असून खांद्याला ५ सेंमी लांबीत टेकला, तर दर चौरस सेंटिमीटरला ६० ग्रॅम भार पडतो. रुंदी दुप्पट केली तर तो निम्मा होतो. दप्तराचे बंद रुंद का असतात हे शिकवताना आपण हेच सांगतो. तरीही रुंद बंद हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय. पहिला उपाय म्हणजे पट्टा नेमका घेणे.

आकडा आणि अक्षर

ब्राच्या मापात एक आकडा असतो आणि एक अक्षर. युरोपीय पद्धतीत ती सर्वांत सरळ असल्यामुळे तिच्यापासून सुरुवात करू. स्तनांच्या लगेच खाली छातीचा घेर मोजायचा. तो ७३ ते ७७ सेंमी असेल तर पट्टा ७५ चा. मग स्तनांच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावरून घेर मोजायचा आणि दोहोंची वजाबाकी करायची. फरक १२ ते १४ सेंमी असेल तर ए, १४ ते १६ बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी. खालचा घेर ७५ आणि वरचा ९० असेल तर फरक १५, म्हणून माप ७५-बी.

म्हणजे अक्षर हे आकारमान सांगत नाही, फरक सांगते. खालचा घेर ९० आणि वरचा १०५ असला तरी फरक १५ च, म्हणून माप ९०-बी. पण ९०-बी ची कटोरी ७५-बी पेक्षा बरीच मोठी असते. 'बी म्हणजे मध्यम, डी म्हणजे फार मोठे' हे बोलणे त्यामुळे निरर्थक ठरते. पट्टा सांगितल्याशिवाय अक्षराला अर्थ नाही. कटोरी एका अक्षराने वाढली की किती फरक पडतो याचा अंदाज घनफळावरून येईल. ५ सेंमी त्रिज्येच्या अर्धगोलात सुमारे २६२ मिलिलिटर मावते, ६ सेंमीच्या अर्धगोलात ४५२. त्रिज्या पाचव्या हिश्शाने वाढली, घनफळ जवळजवळ पाऊणपट वाढले. स्तन काही अर्धगोल नसतो, पण घनाचा नियम त्यालाही चुकत नाही.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. ७०-डी, ७५-सी आणि ८०-बी या तिघींच्या कटोऱ्या जवळपास सारख्याच असतात. पट्टा सैल वाटला म्हणून नुसता आकडा कमी केला तर कटोरीही लहान होते आणि नवाच त्रास सुरू होतो. पट्टा एक पायरी खाली घेताना अक्षर एक पायरी वर घ्यावे. 'मला छत्तीसच लागते' म्हणणाऱ्या पुष्कळजणींना खरे तर चौतीस आणि पुढचे अक्षर लागत असते.

दुर्दैवाने देशोदेशी आकडे वेगळे आहेत. एकाच बाईचे माप युरोपच्या मोठ्या भागात ७५-बी, फ्रान्समध्ये ९०-बी आणि ब्रिटन-अमेरिकेत ३४-बी. आपल्याकडे काही खोक्यांवर ३४ च्या शेजारी ८५ छापलेले असते. इंचांचे सेंटिमीटर म्हणून ते बरोबर आहे, पण तो पट्टा ज्या बाईला बसतो तिचा स्तनांखालचा घेर साधारण ७५ असतो, कारण ३४ हा आकडा मोजलेल्या घेरात चार-पाच इंच मिळवून काढलेला असतो. एकक कोणते आणि मोजले काय, हे लिहिल्याशिवाय आकडा लिहू नये असे आपण प्रयोगवहीत बजावतो. कपड्यांच्या बाजाराला ते कोणी बजावलेले दिसत नाही. खोक्यावरचा तक्ता वाचून, स्तनांखालचा घेर कोणत्या मापासमोर दिला आहे ते पाहावे.

टेप कुठे चुकते?

दोन मोठ्या संख्यांतील लहान फरक मोजताना त्रुटी वाढते. खालच्या घेरात १ सेंमी आणि वरच्या घेरात १ सेंमी एवढीच चूक होण्याची शक्यता धरा. ७५ आणि ९० मध्ये ती नगण्य वाटते. पण फरक १३ ते १७ यांत कुठेही येऊ शकतो, म्हणजे ए पासून सी पर्यंत! शिवाय श्वास आत घेतला की घेर वाढतो, पाळीच्या आधी स्तन थोडे भरतात, आणि टेप पाठीवर खाली घसरली तर माप फुगते. २४ सेंमी व्यासाच्या डब्याभोवती टेप २० अंशांनी तिरपी धरून पाहा. घेर जवळजवळ अडीच सेंटिमीटरने जास्त येतो, आणि हे एका अक्षरापेक्षा जास्त झाले. वर्गात मापाचा पाठ घ्यायचा तर तो असा डब्यावर किंवा घागरीवरच घ्यावा. कोणत्याही विद्यार्थिनीचे माप वर्गात घेऊ नये, तिला ते सांगायलाही लावू नये.

तेव्हा टेपने मिळते ते फक्त सुरुवातीचे माप. निर्णय अंगावर घालूनच करायचा. पट्टा आरशात पुढून-मागून जमिनीला समांतर दिसला पाहिजे. पाठीकडे त्याच्याखाली दोन बोटे जावीत, मूठ जाऊ नये. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक वापराने सैल पडते आणि आतले हुक तेव्हासाठी असतात. दोन कटोऱ्यांमधला भाग छातीच्या हाडाला टेकावा. कटोरीला सुरकुत्या पडत असतील तर ती मोठी, काठावरून फुगवटा येत असेल तर लहान. तार असेल तर ती बरगड्यांवर बसावी, स्तनावर नव्हे. मग दोन्ही हात वर करावेत. पट्टा जागचा हलला नाही तर माप जमले. दोन्ही स्तन तंतोतंत सारखे नसतात, किशोरवयात तर हा फरक सहज दिसतो आणि तो स्वाभाविक आहे. अशा वेळी मोठ्या बाजूचे माप धरून लहान बाजूचा बंद थोडा आवळावा. घालून पाहण्याची सोय नसलेल्या दुकानात निदान बदलून देण्याची बोली आधी करून घ्यावी.

कटोरीला शिवण का लागते हेही मुलांना दाखवण्याजोगे आहे. कागदाची गोल चकती चेंडूवर न चुरगळता बसत नाही. तिच्यातून पाचरीसारखा तुकडा कापून कडा जोडल्या की ती शंकूसारखी उभी राहते. ब्लाउजला टक्स घालणारा शिंपी हेच करतो, कटोरी ब्लाउजमध्ये तुकडे जोडून करतो. पृथ्वीचा सपाट नकाशा बिनचूक का काढता येत नाही, याचेही कारण तेच.

दोन शंका शिक्षिकांना हमखास विचारल्या जातात. ब्राने कर्करोग होतो का? अमेरिकेत १९९५ साली आलेल्या एका पुस्तकाने ही भीती पसरवली. सिअ‍ॅटल येथील संशोधकांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या १,०४४ आणि न झालेल्या ४६९ स्त्रियांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध केली. दिवसात किती तास घातली, तारेची होती की नव्हती, कोणत्या वयापासून घातली, यांपैकी कशाचाही कर्करोगाशी संबंध आढळला नाही. दुसरी शंका, घातलीच पाहिजे का? आरोग्यासाठी तशी सक्ती नाही. माझ्या मते खेळताना दुखत असेल तर आधार घ्यावा, एरवी ज्यात बरे वाटेल ते करावे. वाढत्या वयाच्या मुलीला बिनतारेची, मऊ सुती ब्रा पुरते, आणि तिचे माप दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे लागते.

एक गोष्ट मापाइतकीच महत्त्वाची आहे. हे कपडे आपल्याकडे टॉवेलखाली लपवून वाळत घालतात. पावसाळ्यात ते दमटच राहतात, आणि स्तनांखालच्या घडीत घाम साचून बुरशीचा संसर्ग होतो. खाज येते, पण मुलगी कोणाला सांगत नाही. ऊन आणि वारा लागेल अशा दोरीवर ते वाळवायला घरच्यांची काही हरकत असण्याचे कारण नाही.

ऑस्ट्रेलियात वुलनगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी ११५ किशोरवयीन खेळाडू मुलींचे दोन गट केले आणि एका गटाला या विषयावरची पुस्तिका वाचायला दिली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चार महिन्यांनंतर पुस्तिका मिळालेल्या मुलींची माहिती दुसऱ्या गटापेक्षा वाढलेली होती, आणि त्यांच्यातल्या अधिक जणी नेमक्या मापाची ब्रा घालत होत्या. आपल्या शाळेत अशी पाचसहा पानांची पुस्तिका चक्रमुद्रित करून मुलींच्या खोलीत ठेवता येईल. शक्य असेल तर तिच्याबरोबर शिंप्याची एक टेपही ठेवावी.